वीस हजार पावलं

डॉक्टर: उतरा. परत उभे राहा. सरळ. भिंतीला हात लावू नका.

बाबा: लावला नाहीये.

डॉक्टर: एक्क्याऐंशी. छे! काटाच बिघडलाय माझा.

मुलगी: मी उभी राहून बघू?

डॉक्टर: राहा बरं. तुमचं किती असतं?

मुलगी: अडुसष्ट. म्हणजे, सदुसष्ट-अडुसष्ट.

डॉक्टर: बहात्तर दाखवतोय.

मुलगी: बघा, बिघडलाच आहे.

डॉक्टर: नाही हो ताई, मघाशी मीच उभा राहिलो होतो, माझं बरोबर दाखवलं. काटा शहाणा आहे. काका, बसा तुम्ही. आठ महिन्यांपूर्वी ह्याच कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, एकशे चार. तेवीस किलो उतरलं! शुगर जागेवर, बीपी जागेवर. वीस वर्षं लोकांना ‘चाला, चाला’ सांगून माझा घसा बसला. ऐकणारा माणूस हा पहिला.

मुलगी: मला तर मघाशी स्टेशनवर ओळखूच आले नाहीत, तिथून सरळ इथंच आलोय आम्ही. बॅग ओढत मी यांच्या शेजारून पुढे निघून गेले. मागून हाक आली तर मी बघतेय, आवाज बाबांचा, पण बाबा कुठायत? आठ महिने रोज फोनवर चेहरा बघतेय, पण फोनवर पोट कुठं दिसतं!

बाबा: शर्ट जुनाच आहे. सैल झालाय.

मुलगी: शर्टात अजून एक माणूस मावेल, बाबा.

डॉक्टर: गुपित काय, ते सांगा. बाहेर बसलेल्या पेशंटना सांगतो.

बाबा: चालतो. दुसरं काय.

मुलगी: ते काही सांगायचे नाहीत, मी सांगते. सगळं श्रेय गोटीचं. आमची कुत्री. आईची खरं तर. आई होती तेव्हा तीच फिरवायची तिला, हे कधी पायरीसुद्धा उतरले नाहीत. आई गेल्यावर दीड वर्ष गोटी माझ्याकडे होती. मग माझी बदली झाली, तिथला घरमालक कुत्रं ठेवू देईना. म्हटलं, बाबांकडे सोडू. तिला घर मिळेल आणि यांना घराबाहेर पडायला निमित्त. आधी एकतीस वर्षं बसच्या सीटवर, रिटायर झाल्यावर सोफ्यावर. उठायचे ते जेवायलाच.

डॉक्टर: हे मला ठाऊक आहे की! ह्याच जोरावर तर मी चार जणांना कुत्री घ्यायला लावलीत. ‘आमच्या ड्रायव्हरकाकांकडे बघा’ म्हणतो. एकाला पहिल्याच दिवशी चावलं, पण चालतोय बिचारा.

बाबा: चार जणांना?

डॉक्टर: पाचवा उद्या आणतोय.

बाबा: त्याला थांबवा, डॉक्टर.

डॉक्टर: का हो?

बाबा: थांबवा म्हणतो ना. कुत्रं म्हणजे काय गोळी आहे का, सकाळ-संध्याकाळ घ्यायला?

मुलगी: बाबा! असं काय बोलता?

डॉक्टर: असू दे हो. मोजे काढा बघू, काका. पाय बघतो, मग सोडतो तुम्हाला. अरे बापरे.

मुलगी: काय झालं?

डॉक्टर: ताई, इकडे या. ही नखं बघा. दोन काळी पडलीत, तिसरं गळायला आलंय. आणि हा गुडघा. दुखतं इथं?

बाबा: नाही. आई गं!

डॉक्टर: दिसतंय किती दुखत नाही ते. रोज चालता तरी किती?

मुलगी: वीस हजार पावलं. रोजची. यांच्या फोनवर मीच ते बसवून दिलंय, संध्याकाळी आकडा माझ्या फोनवर येतो. एक दिवस चुकवला नाही हो. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवते.

डॉक्टर: वीस हजार म्हणजे चौदा किलोमीटर झाले. कुत्री केवढी आहे?

मुलगी: एवढीशी. गुडघ्याएवढी.

डॉक्टर: वय विचारतोय.

मुलगी: बारावं चालू आहे.

डॉक्टर: बारा वर्षांची म्हातारी कुत्री रोज चौदा किलोमीटर चालते?

मुलगी: हो. म्हणजे… हो ना. बाबा, तिला पण एवढं चालवता तुम्ही? तिचे पाय तरी बघितलेत का कधी? माझ्या हे डोक्यातच नाही आलं. मी रोज विचारत होते, ‘किती झालं, किती झालं’, आणि ती बिचारी… बाबा, बोला की.

बाबा: ती नाही चालत.

मुलगी: मग?

बाबा: मी एकटाच जातो.

मुलगी: आणि तिला घरी डांबून ठेवता? दिवसभर?

बाबा: ती घरी नाहीये.

मुलगी: घरी नाहीये म्हणजे? कुणाकडे ठेवलीय? बाबा, मी इथून घरी गेल्या गेल्या आधी तिला जवळ घेणार आहे, तिच्यासाठी रबराचा चेंडू आणलाय मी. कुठे आहे ती?

बाबा: हरवली.

मुलगी: कधी? काल? परवा?

बाबा: तू सोडून गेलीस ना, त्यानंतर आठव्या दिवशी.

मुलगी: आठव्या…

डॉक्टर: ताई, बसा. खुर्ची मागेच आहे. पाणी देऊ?

मुलगी: नको. आठ महिने? बाबा, परवा फोटो पाठवलात तुम्ही मला तिचा!

बाबा: पहिल्या आठवड्यात काढलेले होते. बरेच काढले होते. पुरवून पुरवून पाठवले.

मुलगी: म्हणून फोटोत तुम्ही कधीच नसायचात! नुसता पट्टा धरलेला हात. आणि हात जाड होता, बाबा. चेहरा उतरत चालला, आणि हात तसाच गुबगुबीत. मी म्हणायचे, फोटोत सगळेच जाड दिसतात. मूर्ख मी.

डॉक्टर: एक मिनिट. मला कळू द्या. कुत्री आठ महिने नाहीच, तर हे तेवीस किलो उतरले कसे?

बाबा: तिला शोधण्यात.

डॉक्टर: अहो, माझ्या चार पेशंटनी मग कुत्री कशासाठी घेतली!

मुलगी: हरवली कशी? पट्टा सुटला? रस्त्यात?

बाबा: रस्त्यात नाही. बसमध्ये.

मुलगी: बसमध्ये काय करत होती ती?

बाबा: रोजच यायची. तू सांगितलंस ना, सकाळी तासभर फिरवा. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलो, धाप लागली. थांब्यावर बसलो. गाडी आली. ड्रायव्हर आपल्याच डेपोचा, म्हणाला, या की साहेब. चढलो. गोटीला पण कुणी अडवलं नाही. शेवटच्या थांब्यावर तळं आहे, तिथं उतरून तिला दहा मिनिटं हिंडवायची, फोटो काढायचा, त्याच गाडीनं परत. तुला वाटायचं, बाबा तळ्यापर्यंत चालत गेले.

मुलगी: मी तेव्हा विचारलं होतं, तळ्याचा फोटो आणि पावलं नऊशेच कशी?

बाबा: म्हणून मग कंडक्टरबाई माझा फोन हलवून द्यायच्या. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात माझा फोन. हसायच्या फार.

डॉक्टर: कमाल आहे!

मुलगी: हसू नका डॉक्टर, प्लीज.

डॉक्टर: हसत नाहीये हो.

बाबा: आठव्या दिवशी गर्दी होती. तिचा पट्टा एका उभ्या माणसाच्या पायात अडकायला लागला, म्हणून मी गळ्यातून हूक काढला. म्हटलं, दोन पायांमधे तर बसलीय, जाते कुठं. आणि मला झोप लागली. एकतीस वर्षं गाडीत डोळा मिटला नव्हता, त्या दिवशी लागला. जाग आली ती तळ्यावर. हातात पट्टा होता, ती नव्हती.

मुलगी: कुणीच बघितलं नाही?

बाबा: कंडक्टरबाई पुढे तिकिटं फाडत होत्या. मधल्या कुठल्यातरी थांब्यावर दार उघडलं, उतरणाऱ्यांबरोबर ती पण उतरली असणार. शहाणीच होती, लोक उतरले की उतरायचं, एवढं आठवड्यात शिकली होती.

डॉक्टर: आलो, आलो! दार नका वाजवू. ताई, बाहेर सात जण खोळंबलेत, मी पलीकडच्या खोलीत त्यांना बघून घेतो. तुम्ही इथं बसा, घाई करू नका. आणि काका, उद्यापासून चौदा किलोमीटर बंद. मी आठ महिने ‘वा वा’ करत बसलो आणि हा गुडघा बघितलाच नाही, ही माझी चूक. पण असेच चालत राहिलात तर वर्षभरात ऑपरेशन. सावकाश, अर्धा तास, बस. ऐकताय ना?

(डॉक्टर जातात. दार लागतं.)

मुलगी: मला सांगायचं होतं, बाबा. त्याच दिवशी. मी रात्रीची गाडी पकडून आले असते.

बाबा: हो.

मुलगी: आईची एकच गोष्ट होती हो जिवंत. एकच.

बाबा: म्हणूनच नाही सांगितलं. म्हटलं, शोधतो आणि मगच सांगतो. बावीस थांबे आहेत त्या रूटला. एकेका थांब्यावरून चारी दिशांना जायचं, दुकानात विचारायचं, फोटो दाखवायचा. गाडीतून गल्ल्या दिसत नाहीत गं. एकतीस वर्षं त्याच रस्त्यानं गेलो, आत एवढ्या गल्ल्या आहेत हे ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी दोन गल्ल्यांत जीव वर आला. मग सवय झाली.

मुलगी: किती थांबे झाले?

बाबा: हं?

मुलगी: बावीसपैकी किती थांबे शोधून झाले? ऐका, मी चार दिवस सुट्टी टाकलीय. वाढवते. डॉक्टर म्हणाले तुम्ही चालायचं नाही, ठीक आहे, मी चालते. माझं पण बहात्तर झालंय. फोटो छापून घेऊ, दुकानांवर लावू. पट्टी होती ना तिच्या गळ्यात, नंबर कोरलेली? कुणीतरी ठेवून घेतली असेल तिला. एवढी गरीब कुत्री, कुणीही ठेवून घेईल. कुठल्या थांब्यापासून राहिलंय ते सांगा.

बाबा: नको.

मुलगी: नको काय? तुम्ही शोधलंत ना एवढं, मग आता मी…

बाबा: सापडली होती.

मुलगी: काय?

बाबा: सोळाव्या थांब्यावर. कागदाचं गोदाम आहे तिथं. वॉचमननं ठेवून घेतली होती. बरोबर बोललीस तू, कुणीही ठेवून घेईल अशीच होती.

मुलगी: मग आणली का नाहीत?

बाबा: मी बारा दिवस उशिरा पोचलो.

मुलगी: नाही.

बाबा: झोपेत गेली. कागदाच्या गठ्ठ्यावर झोपायची, तिथंच. काही लागलं नव्हतं, आजारी नव्हती. आदल्या दिवशी दूध पण प्यायली होती, म्हणाला. वय झालं होतं गं. गोदामाच्या मागं पुरलंय त्यानं. जागा दाखवली मला.

मुलगी: त्यानं फोन का नाही केला? नंबर होता गळ्यात!

बाबा: केला. तीसेक वेळा केला. नंबर आईचा होता.

मुलगी: अरे देवा.

बाबा: आई गेल्यावर पंधरा दिवसांत मीच तो बंद केला. मला कुठं सुचलं की कुत्रीच्या गळ्यात तो आहे.

मुलगी: मला सुचायला हवं होतं. दीड वर्ष माझ्याकडे होती ती. रोज ती पट्टी माझ्या हाताला लागायची. आईचा नंबर काढून माझा घालायला हात होईना. वाटायचं, असू दे.

बाबा: तुझी काही चूक नाही त्यात.

मुलगी: आणि तुमची? तुम्ही सोळाव्या थांब्यावर आधी का नाही गेलात? मधलाच कुठला तरी घ्यायचा आधी. उलटीकडून सुरू करायचं. काहीही.

बाबा: एकपासून क्रमानं गेलो. पहिला, मग दुसरा, मग तिसरा. मधला थांबा सोडायची सवय नाही मला. सोडला तर तक्रार होते. वॉचमन सांगत होता ना, तेव्हा माझ्या डोक्यात तेच. अरे, आधी सोळावा घेतला असता! तळ्याकडून उलटं आलो असतो तरी महिनाभरात पोचलो असतो. कुणी सांगितलं होतं का मला की क्रमानंच जा? डेपो थोडाच विचारणार होता. ती जिवंत होती तिथं. मी पाचव्या थांब्यावर फोटो दाखवत हिंडत होतो तेव्हा ती जिवंत होती.

मुलगी: बाबा, रडू नका. बाबा, अहो. हा रुमाल घ्या.

बाबा: राहू दे. आहे माझ्याकडे.

मुलगी: कधीची गोष्ट ही?

बाबा: तिसऱ्या महिन्यातली.

मुलगी: थांबा. तिसऱ्या महिन्यात? मग पुढचे पाच महिने? पावलं तर येतच होती. वीस हजार, वीस हजार, रोज. कालसुद्धा. कंडक्टरबाई फोन हलवतात अजून?

बाबा: छे. ती हरवली त्या दिवसापासून बसमध्ये पाय ठेवला नाही मी.

मुलगी: मग शोधत कुणाला होतात?

बाबा: कुणालाच नाही. सकाळी निघायचं, गोदामापर्यंत चालत जायचं. वॉचमन एकटाच असतो. तासभर त्याच्याशी बसायचं, चालत परत. जाऊन-येऊन वीस हजार बरोबर होतात.

मुलगी: पण कशासाठी? नखं गळेपर्यंत? कुत्री नाही, डॉक्टरांची भीती म्हणावी तर ती तुम्हाला कधीच नव्हती. कशासाठी, बाबा?

बाबा: तू संध्याकाळी विचारायचीस ना. ‘आज किती झालं?’

मुलगी: म्हणजे?

बाबा: आकडा कमी आला असता तर तू विचारलं असतंस, का? मग गोटीचा विषय निघाला असता. फोटो खोटे, ‘झोपलीय’ खोटं, ‘खाल्लं, खेळली’ सगळं खोटं सांगत होतो. म्हटलं, पावलं तरी खरी असू देत. एक तरी गोष्ट तुला खरी सांगायची होती मला.

मुलगी: मी काय खाणार होते तुम्हाला? ओरडले असते, रडले असते, झालं असतं मग. आठ महिने काय हे!

बाबा: ओरडण्याची भीती नव्हती.

मुलगी: मग?

बाबा: आई गेल्यावर तू फोन करायचीस, पंधरा-पंधरा दिवसांनी. ‘बरे आहात ना? औषध घेता ना? बरं, ठेवते.’ एका मिनिटात संपायचा. तुझा दोष नाही, मलाच काही सुचायचं नाही. गोटी आली आणि तू रोज करायला लागलीस. रोज सात वाजता. ‘आज कुठं गेलात, कोण भेटलं, तिनं काय केलं?’ अर्धा अर्धा तास. मी सकाळपासून ठरवायचो, आज तुला काय सांगायचं. गोटी गेली म्हटलं असतं, तर तो फोनही गेला असता.

मुलगी: तुम्हाला असं वाटलं?

बाबा: वाटलं.

मुलगी: आई असताना तुम्ही फोन उचलायचात आणि म्हणायचात, ‘थांब, आईला देतो.’ दरवेळी. मी ‘बाबा’ म्हणायच्या आधीच.

बाबा: हो.

मुलगी: ती गेल्यावर तुम्ही उचलायचात, आणि मी वाट बघत राहायचे. कशाची ते मला पण कळायचं नाही. तुमच्याशी काय बोलायचं, ते मला कधी शिकवलंच नाही हो कुणी. गोटी तुमच्याकडे सोडली ना, घरमालक हे एक कारण होतं. विचारायला काहीतरी असावं, हे पण होतं. मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल आणि तुम्ही हसाल.

बाबा: मला कुठून लक्षात येतंय. मला वाटलं, कुत्रीसाठीच करतेस.

मुलगी: कुत्रीसाठी कोण अर्धा तास फोन करतं, बाबा?

बाबा: मग आता सात वाजता काय करायचं?

मुलगी: मी इथेच आहे ना आज सात वाजता. पुढचं पुढं बघू. मोजे घाला. नको, थांबा, मी घालते, त्या नखाला लागेल. असा पाय पुढे करा. दुखलं?

बाबा: नाही.

मुलगी: खरं सांगा.

बाबा: दुखलं.

मुलगी: झालं, झालं. आता घरी नाही जायचं आधी. मला तिथं घेऊन चला, गोदामावर. रिक्षानं. तुम्ही चालायचं नाही, मी पण नाही.

बाबा: तिथं बघण्यासारखं काही नाहीये गं. नुसती माती आहे.

मुलगी: असू दे. आणि त्या वॉचमनना काय आवडतं ते सांगा. रिकाम्या हातानं कसं जायचं त्यांच्याकडे?